चाव्याचा साचा

गेल्या वर्षभरात दोन डेंटिस्ट मैत्रिणींचे फोन आले. दोघींचा प्रश्न एकच: "पोलिसांचं पत्र आलंय, चाव्याचं माप घ्यायचंय म्हणे. तू केलं होतंस ना?" दोघींना तासतासभर फोनवर सांगितलं, तेव्हा वाटलं की एकदा लिहूनच काढावं. एका आरोपीच्या हातावरच्या चाव्याचं माप मी ज्यात घेतलं, त्या खटल्याचा निकाल लागलाय, अपिलाची मुदतही उलटलीय. तरी गावाचं, माणसांचं आणि कॉलेजचं नाव देणार नाही.

मी एका उपजिल्हा रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक आहे. दाढा काढणं, सिमेंट भरणं, तंबाखूने उघडेनासं झालेलं तोंड बघून पुढे पाठवणं, महिन्याला एखाद-दुसरी कवळी, असं काम. न्यायवैद्यक दंतशास्त्र, म्हणजे गुन्ह्याच्या तपासात दातांचा पुरावा वापरायचं शास्त्र, हा बीडीएसला ओरल पॅथॉलॉजीच्या पुस्तकातला शेवटचा धडा. परीक्षेत टीप आली तर लिहायची, नाही आली तर विसरायचा. मी विसरले होते.

१३ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीवर एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरात चोर शिरला. कानातलं ओरबाडलं, मग हातातल्या पाटल्या. एक निघाली, दुसरी निघेना. पुढचं मला आजींनी नंतर स्वतः सांगितलं: "त्यानं माझा हात पिरगाळला. माझ्या तोंडापुढं त्याचा हात आला. मग काय करती? चावले कडकडून. सोडलाच न्हाई." तो दुसरी पाटली तशीच सोडून पळाला. आजी आमच्या स्त्री कक्षात दाखल झाल्या, कानाच्या पाळीला टाके पडले.

दुसऱ्या दिवशी आमच्याच रुग्णालयात एक तरुण "कुत्रा चावला" म्हणून आला. केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं. लशीच्या रांगेतला माणूस कुत्रा म्हणाला की कुत्रा, त्यात शंका घ्यायला कुणाला फुरसत असते! नियमाप्रमाणे त्याला जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायला लावली. रेबीजसाठी अगदी योग्य. लाळेच्या पुराव्याच्या दृष्टीने सत्यानाश.

लशीचा पुढचा डोस तिसऱ्या दिवशी असतो, म्हणजे शनिवारी, १७ तारखेला. कोलकात्याच्या डॉक्टर मुलीच्या खुनाच्या निषेधात त्या दिवशी आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेचा २४ तासांचा बंद होता. खासगी दवाखाने बंद, त्यामुळे आमच्याकडे जत्रा. लशीची रांग माझ्या खिडकीखालून जाते. अकराच्या सुमारास खाली गलका झाला, दोन साध्या वेशातल्या माणसांनी एकाला रांगेतून बाजूला घेतलं. मला वाटलं नंबरावरून भांडण. पोलिसांनी आमचं रजिस्टर आदल्या दिवशीच चाळलं होतं, हे नंतर कळलं.

चार वाजता वैद्यकीय अधीक्षकांनी बोलावून पत्र हातात ठेवलं. "सदर आरोपीचे हातावरील चाव्याचे व दातांचे ठसे घेऊन मिळणेस विनंती आहे." बस. आणि वर कलम ५३, फौजदारी प्रक्रिया संहिता. नवे कायदे लागू होऊन दीडच महिना झाला होता, सगळ्यांच्याच हाताला जुन्या आकड्यांचं वळण पडलेलं.

इथे पहिली गोष्ट सांगते. पत्र नीट वाचा आणि चुकीचं असेल तर परत करा, भीड बाळगू नका. या पत्रात कुणाचे दात हेच नव्हतं. चावणाऱ्या आजी, चावा बसलेला आरोपी. पत्राप्रमाणे मी आरोपीच्याच दातांचं माप घेतलं असतं! हवालदारसाहेबांना बसवून दोन वेगळी पत्रं मागितली. एक आरोपीच्या हातासाठी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली. दुसरं आजींच्या दातांसाठी, आणि ते पूर्णपणे त्यांच्या संमतीवर. त्या फिर्यादी आहेत, त्यांच्यावर जबरदस्तीचा प्रश्नच येत नाही.

कलम ५१ मध्ये अजून एक मेख आहे. आरोपीची तपासणी 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी' करतो, आणि त्या व्याख्येत डेंटिस्ट बसत नाही. डेंटिस्ट बसतो तो 'त्यांच्या निर्देशाखाली मदत करणारी व्यक्ती' म्हणून. त्यामुळे वैद्यकीय अधिकारी खोलीत हजर हवेत आणि कागदावर त्यांची सही हवी. मला हे आधी लागलं होतं, प्रामाणिकपणे सांगते. आठ वर्षं दात काढतेय, आता निर्देशाखाली? पण कोर्टात वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारला, तेव्हा त्या सहीने वाचवलं.

संध्याकाळी मी माझ्या कॉलेजच्या सरांना फोन लावला. ते आता दुसऱ्या एका दंत महाविद्यालयात न्यायवैद्यकाचं काम बघतात. मी एका दमात सगळं सांगितलं. सर म्हणाले, "माप तू रोज घेतेस, ते सोड. आधी फोटो, मग स्वॅब, मग माप, मग परत फोटो. क्रम चुकला की गेलं. आणि जे बिघडेल तेही फेकू नकोस." चाव्याच्या फोटोसाठी वापरतात ती इंग्रजी एल आकाराची मोजपट्टी माझ्याकडे नव्हती. सरांनी त्यांची एक रविवारी सकाळच्या एसटीने पाठवली. तिच्यावर तीन गोल छापलेले असतात. फोटोत ते गोल अंडाकृती दिसले तर कॅमेरा तिरका होता हे उघड होतं. झेरॉक्स काढून वापरू नका, झेरॉक्समध्ये माप बदलतं.

साहित्याचं गाडं डेंटल डेपोवर अडलं. आमच्या स्टोअरला फक्त अल्जिनेट असतं, पाण्यात कालवून दातांचं माप घ्यायची नेहमीची पावडर. त्वचेसाठी सिलिकॉन हवं, पुटी (कणकेसारखं घट्ट) आणि लाइट बॉडी (पातळ) दोन्ही. जिल्ह्याच्या गावचा डेपो आठला बंद होतो, नवरा साडेसातला मोटरसायकलवर निघाला. सिलिकॉनचा संच ३,४०० रुपये, साचा ओतायची डाय स्टोनची पावडर २२०, नायट्राइल हातमोजे ४५०. पेट्रोल धरून ४,३०० च्या आसपास खिशातून गेले. बिल जीएसटी नंबरसकट घ्या. हातमोज्यांचं बिल साध्या कागदावर होतं, ते नामंजूर झालं. बाकीचे पैसे जानेवारीत मिळाले.

रात्री झोप आली नाही. मोबाइलवर जुने निकाल वाचत पडले. निर्भया खटल्यात चाव्यांचे फोटो आणि आरोपींच्या दातांचे साचे धारवाडच्या एसडीएम दंत महाविद्यालयात तपासले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ च्या निकालात तो पुरावा ग्राह्य धरला. ते वाचून छाती जरा फुगली. मग अमेरिकेतल्या रे क्रोनचं वाचलं. १९९२ मध्ये वेड्यावाकड्या दातांची खूण जुळते म्हणून तो खुनी ठरला, मृत्युदंड झाला, आणि २००२ मध्ये डीएनएने निर्दोष सुटला. जुळते असं सांगणारा माझ्यासारखाच दातांचा डॉक्टर होता. एनआयएसटी या तिथल्या सरकारी संस्थेचा २०२३ चा आढावा तर सरळ म्हणतो, की प्रत्येकाच्या पुढच्या दातांची ठेवण वेगळी असते, ती त्वचेवर नेमकी उमटते आणि ती नेमकी वाचता येते, या तिन्ही गृहीतकांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. एक वाजता फोन बंद केला. तेव्हाच ठरवलं की आपण नीट गोळा करायचं, जे दिसतं ते लिहायचं, आणि नाव घ्यायचं नाही.

रविवारी, १८ तारखेला, कोर्टातून कोठडी घेऊन दुपारी दोनला त्याला आणलं. पंचवीस-सव्वीसचा असेल. उजव्या हाताच्या पुढच्या भागावर, मनगटापासून चार बोटं वर, आतल्या बाजूला, दोन कमानी एकमेकींसमोर. पाचव्या दिवशीचा चावा. कडा पिवळट-हिरव्या, मध्ये निळसर, दोन ठिकाणी खपली.

कुत्रा की माणूस हे बघायला मला दोन मिनिटं लागली असतील. कुत्र्याचा जबडा निमुळता, वर-खाली सहा-सहा लहान दात आणि कडेला लांब सुळे. तो धरतो आणि ओढतो, त्यामुळे खोल भोकं पडतात, कातडी फाटते. इथे कमान रुंद, भोक एकही नाही, दाबून धरल्यासारखा काळानिळा डाग आणि खालच्या ओळीत चौकोनी बारीक खुणा. एवढं मी रिपोर्टात ठामपणे लिहिलं: मानवी चाव्याशी सुसंगत, कुत्र्याच्या चाव्याशी विसंगत. लशीचा कोर्स मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांनी चालूच ठेवला. रेबीजच्या बाबतीत कोण कशाला धोका पत्करेल!

फोटोसाठी पोलिसांनी गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरला आणलं होतं. माणूस हुशार, कॅमेरा उत्तम, पण सवय लग्नाची. सारखा बाजूने प्रकाश टाकून कोन शोधायचा. त्याला म्हटलं, "दादा, नवरी नाहीये. कॅमेरा हाताच्या बरोब्बर वर, काटकोनात." आधी पट्टीशिवाय, मग पट्टीसकट, आधी लांबून, मग जवळून. हात सरळ ठेवून आणि कोपरात वाकवून, दोन्ही. हे सरांनी बजावलं होतं आणि कारण तिथेच दिसलं. वरच्या कमानीच्या दोन टोकांमधलं अंतर हात सरळ असताना ३७ मिलिमीटर भरलं, वाकवल्यावर ३५. कातडी म्हणजे रबर. झटापटीत हात कसा होता हे कुणाला माहीत?

मेमरी कार्ड नवं, कोरं वापरा. ते तिथेच सील होतं. फोटोग्राफरकडून साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही घ्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, लिहायची असते. त्याला ते काय हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. सायबरच्या मुलाने काढून दिली. प्रमाणपत्र मागून करू म्हणून ठेवलं तर तो माणूस सिझनला हाती लागत नाही.

मग स्वॅब. निर्जंतुक पाण्यात भिजवलेला एक, त्यावर लगेच कोरडा दुसरा. जखम धुतलेली, पाच दिवस झालेले, आशा शून्य. पण घेतला नाही तर 'का नाही घेतला' याचं उत्तर देत बसावं लागतं. स्वॅब ओले बंद करू नका, बुरशी येते. खोलीतच वाळवून कागदी पाकिटात. काही महिन्यांनी प्रयोगशाळेचं उत्तर आलं, उपयोगाचं काही मिळालं नाही.

आता हाताचं माप. इथे माझा घोळ झाला. मदतीला आमच्या सिस्टर होत्या. पुटी मळायची म्हणून त्यांनी भांड्यात हात घातला, आणि हातात नेहमीचे लॅटेक्सचे हातमोजे. लॅटेक्समधल्या गंधकाने हे सिलिकॉन सेट होत नाही, हे मला पक्कं ठाऊक. नायट्राइलचा डबा माझ्या शेजारीच होता. पण मी आरोपीच्या हाताखाली उशी लावत होते, लक्षच गेलं नाही. दहा मिनिटांनी गोळा तसाच चिकट. डब्यातला तिसरा हिस्सा गेला. सरांचं आठवलं, फेकायचं नाही. तो गोळाही पिशवीत घातला, 'अयशस्वी मिश्रण, हातमोज्यांमुळे' अशी चिठ्ठी लावली, वेळ लिहिली. हवालदार माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते.

दुसरी अडचण हातावरचे केस. लाइट बॉडी पातळ असतं, प्रत्येक केसाभोवती बसतं, आणि काढताना सगळे केस घेऊन येतं. फोटो झाल्यावर कात्रीने केस बारीक केले. खपलीला धक्का नको म्हणून वस्तरा नाही. चाव्यावर मिश्रण सोडायच्या बंदुकीने लाइट बॉडी सोडलं, टोक कातडीपासून न उचलता, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. वर गॉजचा तुकडा बसवला, वर पुटी, आणि सगळं कडक राहावं म्हणून प्लास्टर रूममधून आणलेली पीओपीची पट्टी. सेट व्हायच्या आधीच वर बाण कोरला: कोपर इकडे, मनगट तिकडे. तोंडापेक्षा कातडी थंड, त्यामुळे वेळ जास्त लागतो. पाकिटावरच्या वेळेवर विसंबू नका, दुप्पट थांबा.

त्या आठ-नऊ मिनिटांत बोलायला काही नव्हतं. त्याचा हात माझ्या हातात. मी सवयीने म्हणून गेले, "दुखणार नाही हं, जरा गार लागेल." म्हटल्यावर माझी मलाच कशीतरी लाज वाटली. वरच्या मजल्यावर आजींच्या कानाला टाके होते. तो म्हणाला, "मॅडम, कुत्र्याची सुई अजून किती राहिली?"

साचा काढताना उरलेसुरले केस उपटले आणि तो "आई गं" म्हणून ओरडला. पंचांपैकी एक पंचायत समितीचे होते, रविवार मोडला म्हणून सकाळपासून वैतागलेले. ते पहिल्यांदा हसले.

आजींचं काम सोमवारी, १९ तारखेला. राखीपौर्णिमा. त्यांचे धाकटे भाऊ राखी बांधून घ्यायला वॉर्डातच आले होते. मी संमतीपत्र वाचून दाखवलं आणि शाईचं पॅड पुढे केलं. आजी म्हणाल्या, "अंगठा कशाला? चौथी शिकलीया मी." आणि सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

तोंड उघडलं आणि मी मनात म्हटलं, संपलं. पन्नास वर्षांची मिश्री. वर पुढच्या भागात चारच दात: दोन्ही सुळे, उजवीकडचा मधला, आणि डावीकडे मधला नाही, त्याच्या पलीकडचा. मधोमध खिंड. खाली पुढचे चारही आणि डावा सुळा, पण डावीकडचा मधला दात जिभेने ढकलला तरी हलत होता. हिरड्या खाली उतरून दातांची मुळं उघडी, मध्ये काळे त्रिकोण.

एरवी पुराव्याचं माप सिलिकॉनने घ्यावं. ते आकसत नाही, नंतर कधीही स्टोन ओतता येतो. पण सेट झालेली पुटी त्या त्रिकोणांत अडकली असती, आणि ट्रे ओढताना दात ट्रेबरोबर बाहेर आला असता. म्हणजे आजींचा दात गेला आणि पुरावाही गेला. अल्जिनेट लवचीक, ते फाटेल पण दात ओढणार नाही. पण ते हवेत ठेवलं की पाणी सुटून आकसतं, ताबडतोब ओतावं लागतं. पाच मिनिटं ट्रे हातात घेऊन उभी राहिले. शेवटी त्रिकोणांत मेण भरलं, मेण भरल्याचा फोटो काढला, अल्जिनेट थंड पाण्यात कालवलं आणि 'सिलिकॉन का नाही' हे कारण तिथल्या तिथे नोंदीत लिहिलं. माझं मत विचाराल तर त्या दिवसभरात उपयोगाचं एवढं एकच वाक्य मी लिहिलं.

खालचं माप आधी घ्या, उलटी कमी येते. पाठ सरळ, मान जरा पुढे, श्वास नाकाने. आजींना उलटीचा प्रश्न आलाच नाही, ट्रे तोंडात असताना त्या हातवारे करून भावाला पेढा खायला सांगत होत्या. वरचे दोन, खालचे दोन अशी चार मापं घेतली. एक जोड तसाच जपायचा, एक हाताळायला. धुऊन, निर्जंतुक करून लगेच स्टोन ओतला. पाणी-पावडर मोजून, अंदाजाने नाही. साचा घट्ट व्हायच्या आधी बुडावर तारीख आणि आद्याक्षरं कोरली. एका साच्यात दाताच्या कडेवर मोहरीएवढा फुगा आला. हात शिवशिवतात खरवडायला, रोज खरवडतोच की आपण. खरवडायचा नाही. फोटो काढायचा आणि लिहायचं.

शेवटी मऊ मेणाच्या पट्टीत चावायला लावलं. "ह्याला काय चव न्हाई," म्हणाल्या.

साचे रात्रभर सुकायला माझ्या कपाटात ठेवले, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये. रजिस्टरला वेळ टाकून नोंद केली. मंगळवारी सकाळी पंचांसमोर खोके भरून लाखेचं सील. हवालदार मेणबत्तीवर लाख वितळवत होते, अगदी त्या खोक्याच्या वर, ज्यात मेणाची पट्टी होती. झाकणावर गरम लाख टपकायला लागली आणि मी ओरडलेच. पट्टी वाचली. मेणाचं काही असेल तर ते वेगळ्या डब्यात, आणि सील दुसऱ्या टेबलावर.

यानंतर सगळी वाट बघणंच. खोकी घेऊन शिपाई सरांच्या कॉलेजला गेला, सोबत एफआयआरची प्रत नाही म्हणून परत आला. पुन्हा गेला, तेव्हा नमुना सीलची छाप नव्हती. तिसऱ्या खेपेला, सप्टेंबरअखेर, घेतली. तुलना तिथल्या विभागाने केली, मी नाही. गोळा करणारा आणि जुळवणारा वेगळा असलेला बरा. रिपोर्ट डिसेंबरात आला, तोवर आरोपपत्र दाखल झालं होतं, मग तो पुरवणी म्हणून गेला. शेवटचं वाक्य असं, की फिर्यादीच्या दातांनी ही खूण होणं नाकारता येत नाही, मात्र केवळ यावरून ओळख निश्चित करता येणार नाही. वरच्या कमानीतली खिंड जुळत होती. खालच्या ओळीतली एक खूण मात्र साच्यापेक्षा दीड मिलिमीटर आत होती. हलणारा दात चावताना मागे झुकतो, हे त्याचं कारण असू शकतं, असंही त्यांनी लिहिलं होतं. तपास अधिकाऱ्यांचा फोन आला: "मॅडम, हे 'नाकारता येत नाही' म्हणजे हो का नाही?" मी म्हटलं, तेवढंच.

एप्रिल २०२५ मध्ये हवालदारसाहेबांनी पेपरातलं कात्रण पाठवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, माणसाचे दात हे जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ मधलं घातक हत्यार नाही, असं सांगून एक गुन्हा रद्द केला होता. खाली त्यांचा मेसेज: "आजी सुटल्या." आजींवर मुळात गुन्हाच नव्हता, पण त्यांनी खरंच धास्ती घेतली होती, चोराच्या वकिलाने आपल्यावर उलटी केस केली तर?

समन्स तीनदा आलं. पहिल्यांदा आरोपीचे वकील आले नाहीत, दुसऱ्यांदा न्यायाधीश रजेवर. दोन्ही वेळा सकाळी साडेदहा ते चार बाकावर. डबा न्या, पाणी न्या, आणि आपल्या नोंदींची प्रत न्या, मी पहिल्या खेपेला रिकाम्या हाताने गेले होते. ८ जुलै २०२५ ला साक्ष झाली. सरतपासणी वीस मिनिटं, उलटतपासणी तासभर. वकिलांना दातांत फारसा रस नव्हता. त्यांना किल्लीत रस होता. १९ च्या रात्री किल्ली कुठे होती, पर्स कुठे होती, घरात कोण कोण होतं. नोंद होती म्हणून उत्तर होतं. मग अयशस्वी गोळ्यावर आले. म्हणजे पहिलं माप बिघडलं हे मान्य? मान्य. ते लपवलं का? नाही, ते पिशवीत आहे. त्यावर न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मग वकिलांनी मुख्य पत्ता टाकला. आजींना उभं करून विचारलं, "तोंड उघडा." खालचा तो हलणारा दात मार्चमध्ये पडला होता, भाकरी खाताना. "साच्यात दात आहे, तोंडात नाही. मग हा साचा यांचाच कशावरून?" तारीख घातलेले फोटो होते, पंच होते, आजींची सही होती, आणि नोंदीत दात हलतोय हेही लिहिलेलं होतं.

"याच दातांनी चावलं असं तुम्ही खात्रीने सांगू शकता?"

"नाही."

सरकारी वकिलांचा चेहरा पडला. बाहेर आल्यावर ते बोलले नाहीत माझ्याशी. भत्त्याचा फॉर्म भरला, त्याचं काय झालं विचारू नका.

निकाल सप्टेंबरात लागला. आरोपी दोषी ठरला तो मुख्यतः सोनाराकडे मिळालेल्या पाटलीवरून. चाव्यावर निकालपत्रात एकच परिच्छेद आहे, पूरक पुरावा म्हणून. मला तेवढी जागा बरोबर वाटली. कुत्र्याची गोष्ट खोटी होती, हे मात्र कोर्टाने आमच्या कागदांवरूनच धरलं.

या जानेवारीत आजी ओपीडीला आल्या, भावाला घेऊन. "तवा माप घेतलंस, कवळी कुटाय माजी?" मी समजावलं की ते माप वेगळं होतं, ते कोर्टात आहे. उरलेले हलणारे दात काढले, हिरड्या भरायला वेळ दिला. गेल्या आठवड्यात कवळीच्या मापासाठी खुर्चीत बसवलं, ट्रेमध्ये अल्जिनेट भरलं आणि तोंडाजवळ नेलं. आजींनी ओठ घट्ट मिटले, दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"आगं, पंच कुटं हायेत?"